असंगाच्या मार्गावरील सख्य

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत आणि यदुराजा यांचा जो संवाद आला आहे, त्यात अवधूताने आपले चोवीस गुरू निवेदन केले आहेत. पृथ्वी, वायू, समुद्र, कपोत, मधमाशी अशा त्या मालिकेत एक कुमारीही आहे. घरची वडीलधारी मंडळी बाहेर गेलेली असताना तिला मागणी घालण्याकरिता पाहुणे दाराशी आले. आतिथ्य तिलाच करणे प्राप्त होते. पाहुण्यांच्या भोजनासाठी ती आत एकांती साळी कांडू लागली, तो तिच्या मनगटांवरील शंखाची कांकणे खळखळू लागली. मुलगी स्वतःच कांडावयास बसली आहे, असे पाहुण्यांच्या ध्यानी आले तर घरचे दारिद्र्य उघडे पडेल, या लाजेने त्या चतुर मुलीने एकेक कांकण फोडून टाकले. प्रत्येक हातात दोन दोन ठेवली. परंतु ती दोनही वाजतच राहिली. तेव्हा त्यांतूनही एकेक तिने दूर केले. एकच कांकण उरले आणि नाद थांबला. हे पाहून अवधूताने बोध घेतला की, पुष्कळजण एकत्र राहिले तर कलह होतो, दोघे राहिले तरी गोष्टी होतात, म्हणून साधकाने एकट्याने विचरावे.

हा नवव्या अध्यायातील उपदेश झाला. त्याच स्कंधाच्या बाराव्या अध्यायात श्रीकृष्णचक्रवर्ती उद्धवाला सांगतात की, योग, सांख्य, स्वाध्याय, तप, त्याग, व्रते, तीर्थे यांपैकी कशानेही आपण तसे वश होत नाही, जसे सत्संगाने होतो. मध्ये केवळ दोन अध्याय गेले आहेत. श्रोता तोच, ग्रंथही तोच. एका ठिकाणी दुसरे कांकणही नको म्हटले आहे, आणि दुसऱ्या ठिकाणी संगाचा महिमा सर्व साधनांच्या वर नेऊन ठेवला आहे. वरवर वाचणाऱ्याला हा विरोध जाणवत नाही, कारण तो एका वचनाला मान डोलावून पुढच्या वचनालाही तशीच मान डोलावतो. परंतु ज्याला त्याप्रमाणे आचरण करावयाचे आहे, त्याची येथे अडचण होते.

आपल्या पंथात तर ही अडचण अधिक तीव्र आहे. स्वदेश, स्वग्राम आणि विशेषेकरून संबंधी जन यांचा संबंध त्यागण्याची आज्ञा सर्वज्ञांनी केली आहे. अटन, विजन, भिक्षा आणि स्मरण हा भिक्षुकाचा नित्याचार होय. ज्याने घर सोडले, आईबाप सोडले, ज्या गावच्या वेशीत तो लहानाचा मोठा झाला ते गावही सोडले, त्या नवदीक्षित साधकाचा जीव काही दिवसांतच एखाद्या गुरुबंधूवर जडतो. दोघे मिळून भिक्षेला जातात, पोथी लावतात, एकमेकांच्या दुखण्याखुपण्याला जागतात. एके दिवशी त्या साधकाच्या मनात शंका येते की, एक संबंध तोडून आपण दुसरा जोडला तर नाही ना? शंका रास्त आहे. तिला थट्टेवारी नेणे जसे अयोग्य, तसे घाईघाईने एखादे वचन पुढे करून तिचे तोंड बंद करणेही अयोग्य.

प्रथम सिद्धांत पाहू. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत. जीवाचा उद्धार करणे हे केवळ परमेश्वराचे कार्य आहे. एक जीव दुसऱ्या जीवाचा उद्धर्ता होऊ शकत नाही, मग तो कितीही ज्ञानी, विरक्त किंवा प्रेमळ असो. अवताराच्या सन्निधानात जीवाला जो वेध होत असे, तो त्याच्या कृपाशक्तीचा प्रभाव होता. माणसाला माणसाविषयी जी ओढ वाटते ती त्या जातीची नव्हे. हे ध्यानात ठेवले म्हणजे मित्राला परमेश्वराच्या स्थानी बसविण्याचा प्रमाद टळतो. अर्जुनाने श्रीकृष्णांना सखा मानून सलगीने हाका मारल्या आणि विश्वरूपदर्शनानंतर त्याबद्दल हात जोडून क्षमा मागितली, हा गीतेतील प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. तेथे परमेश्वराला मित्र समजल्याचे त्याला भय वाटले. सामान्य साधकाकडून नेमकी याच्या उलट चूक होते. तो मित्राला परमेश्वर समजू लागतो, आणि त्याचे भय मात्र त्याला वाटत नाही.

परंतु या प्रमादाला भिऊन दुसरा प्रमाद घडतो, आणि तो अधिक घातक आहे, कारण त्याचे रूप सद्गुणासारखे असते. कोणाशी बोलावयाचे नाही, कोणाचे ऐकावयाचे नाही, कोणी दोष दाखविला तर ‘आम्ही असंग आहोत’ म्हणून पाठ फिरवावयाची, आणि या कोरडेपणाला वैराग्य म्हणावयाचे. एकटे कांकण वाजत नाही हे खरे. पण ते पिचलेले आहे की धड आहे, हेही ते न वाजल्यामुळे कळत नाही. कुंभाराकडून मडके घेताना बाई ते बोटांनी वाजवून पाहते. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला कळते. साधकाच्या अंतःकरणातील चीर त्याची त्याला दिसत नाही, आणि त्याला वंदन करणाऱ्या उपदेशी मंडळींनाही दिसत नाही. ती कळते ती रोज बरोबर उठणाऱ्या-बसणाऱ्या माणसाला. त्याने बोट लावून ती सांगितली पाहिजे आणि याने ती ऐकून घेतली पाहिजे. हे दोन्ही जेथे घडते, तेथेच संगाला सत्संग हे नाव शोभते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण एकादश स्कंध मराठीत येण्याच्या कथेतच आहे. भास्करभट्ट बोरीकर हे चौदाव्या शतकाच्या आरंभीचे आपल्या पंथाचे थोर कवी. कवीश्वर ही त्यांची पदवी, आणि कवीश्वर आम्नाय त्यांच्याच नावाने चालत आला आहे. त्यांनी ‘शिशुपाळवध’ हा ओवीबद्ध ग्रंथ रचला. श्रीकृष्णचरित्राचा विषय, संस्कृत काव्यशास्त्रात मुरलेली प्रतिभा आणि मराठीवर असामान्य प्रभुत्व, यांमुळे काव्य म्हणून तो ग्रंथ फार उत्कृष्ट उतरला. ग्रंथ सिद्ध झाल्यावर कवीश्वरांनी तो आपल्या गुरुबंधूंना दाखविला. त्यांनी तो वाचला, चांगला झाला असे म्हटले, आणि त्यासरशीच असेही सांगितले की, तो निवृत्तांच्या उपयोगाचा नाही. त्यात शृंगार पुष्कळ आला असून प्रवृत्तांनाच तो योग्य आहे.

या प्रसंगाचा उल्लेख मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बहुधा एका ओळीत उरकला जातो. परंतु साधकाने येथे थांबावे. त्या गुरुबंधूंच्या पुढे दोन सोपे मार्ग होते. ‘उत्तम झाला’ एवढेच म्हणून थांबले असते तर ते खोटे ठरले नसते, कारण ग्रंथ खरोखरच उत्तम होता. किंवा निवृत्तीचा आव आणून ग्रंथाची सरसकट निंदा करता आली असती, म्हणजे बोलणाऱ्याचे वैराग्य उजळून दिसले असते. त्यांनी दोन्ही मार्ग टाकले. गुण होता तेथे गुण म्हटला, उणे होते तेथे उणे दाखविले, आणि ते उणेही काव्याचे नव्हे, तर ते काव्य ज्याच्या हातून झाले त्या साधकाच्या प्रयोजनाचे. कवीची कला कोठे चुकली असे ते म्हणाले नाहीत. तो ज्या वाटेने निघाला होता त्या वाटेवर हे ओझे घेऊन चालता येईल का, एवढेच त्यांनी विचारल्यासारखे झाले. आज प्रवचन आटोपल्यावर ‘छान झाले’ म्हणणारे विपुल भेटतात. ‘छान झाले, पण आपल्या कामाचे झाले नाही’ असे म्हणणारा एखादाच असतो, आणि पुढच्या वेळी त्याला आसन जरा मागे मिळते.

कवीश्वरांनी काय केले? वर्षांच्या परिश्रमावर एका वाक्याने पाणी पडल्यासारखे कोणत्याही कवीला वाटले असते. वाद घालावयाचा म्हटले तर त्यांच्यासारख्या विद्वानाला प्रमाणांची वाण नव्हती. परंतु परंपरा त्यांच्या वादाची नव्हे, पुढच्या ग्रंथाची आठवण सांगते. त्यांनी एकादश स्कंध घेतला आणि त्यावर ‘उद्धवगीता’ रचली. तेथे वर्णनाचा सोस आवरलेला आहे आणि ज्ञान, वैराग्य, भक्ती यांचे निरूपण प्रधान झालेले आहे. पूर्वीचा ग्रंथ त्यांनी जाळला नाही, बुडविला नाही. पंथानेही तो टाकला नाही. साती ग्रंथांत ‘शिशुपाळवध’ आणि ‘उद्धवगीता’ हे दोन्ही मानाने विराजमान आहेत. गुरुबंधूंच्या शब्दाने एक ग्रंथ गेला नाही, दुसरा मात्र मिळाला. सन्मित्राचे बोलणे तोडणारे वाटले तरी त्याचे फळ असे भर घालणारे असते.

आता कांकणांची कथा पुन्हा आठवावी. साधकाने एकट्याने विचरावे, हा बोध ज्या स्कंधात आहे, तो कवीश्वरांनी मराठीत आणण्यास एका गुरुबंधूचा स्पष्ट शब्द कारण झाला. असंगाचा उपदेश सख्याच्या हातून आला.

मग दोन कांकणांचा नाद आणि दोन साधकांचे सख्य यांत भेद कोणता? कथेतील एक बारकावा सहसा सुटतो. कांकणे एकमेकांवर आपटत होती, कारण त्या दोघांच्या मध्ये दुसरे काहीच नव्हते. एकाच मनगटावर सैल फिरणाऱ्या दोन वस्तूंना एकमेकींवाचून ठाव नव्हता. ज्या मैत्रीत दोघांच्या मध्ये केवळ ते दोघेच असतात, ती अशीच वाजते. कधी गोड वाजते, कधी कर्कश वाजते, पण वाजतच राहते. तू मला काय म्हणालास, मी तुझ्यासाठी काय केले, तो तुला अधिक का आवडतो, हाच तिचा विषय. या मैत्रीत वर्षे जातात आणि माणूस होता तेथेच राहतो. याउलट दोघांच्या मध्ये तिसरे काही असेल, आणि दोघांचीही दृष्टी त्या तिसऱ्याकडे लागलेली असेल, तर ते एकमेकांवर आदळत नाहीत. महानुभाव साधकाला ते तिसरे काय, हे वेगळे सांगावयास नको.

नागदेवाचार्य आणि म्हाइंभट यांचा संबंध या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. म्हाइंभट हे सराळ्याचे, गणपती आपयो यांच्याजवळ शिकलेले प्रकांड पंडित. त्यांच्या विद्येच्या अभिमानाविषयी परंपरा सांगते की, ते दिवसा दिवटी पाजळून हिंडत आणि प्रतिपक्षाला तृणवत् लेखण्याची खूण म्हणून पायात गवताचा तोडर बांधीत. सर्वज्ञांना वादात जिंकण्याच्या ईर्षेने ते आले आणि शरण गेले. ही कथा प्रत्येक उपदेशी घरातील मुलालाही ठाऊक असते, आणि ती सांगताना आपण बहुधा येथेच थांबतो. जणू दिवटी विझली त्या क्षणी म्हाइंभटांचे सर्व काही झाले. परंतु अभिमान एका भेटीत वाकतो, निघून जावयास आयुष्य लागते. त्या उरलेल्या आयुष्यात त्यांना भटोबासांची संगती होती.

सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केल्यावर शिष्यपरिवार ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिला. त्या काळातील भक्तांच्या मनाची अवस्था शब्दांत सांगण्याजोगी नाही. ज्यांच्या दर्शनाने दिवस उगवत होता ते दृष्टीआड झाले होते. भटोबास एकांती बसत आणि सर्वज्ञांच्या लीळा एकेक करून आठवीत. स्मरण हा त्यांचा आचार होता, आणि विरहात आधारही तोच होता. ही त्यांची अगदी अंतरीची ठेव होती. ती कोणाला दाखवावयाची असते, असे त्यांच्या मनातही आले नसेल. म्हाइंभटांनी ते पाहिले आणि काय चालले आहे असे विचारले. लीळांचे स्मरण चालले आहे हे कळल्यावर त्यांनी विनंती केली की, या लीळा सांगाव्यात, म्हणजे लिहून ठेवता येतील. पुढच्यांना त्या अन्यथा कशा कळणार? भटोबासांना हे पटले. वाजेश्वरी येथे बसून एकाने सांगावयाचे आणि दुसऱ्याने लिहावयाचे, असा क्रम सुरू झाला. ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य चरित्रग्रंथ असा जन्मास आला. त्याचा काळ साधारणपणे इ. स. १२७८ च्या सुमाराचा मानला जातो.

या व्यवहारात दोघांचीही योग्यता कशी वाढली ते पाहावे. भटोबासांचे स्मरण तोवर त्यांच्यापुरते होते. एका मित्राच्या प्रश्नाने त्याला पुढच्या पिढ्यांची जबाबदारी येऊन चिकटली. स्वतःसाठी आठवणे वेगळे आणि दुसरा लिहून घेत असताना सांगणे वेगळे. तेथे प्रत्येक शब्द तोलावा लागतो, जे निश्चित आठवत नाही ते वगळावे लागते, आपल्या प्रेमाने एखाद्या प्रसंगाला नकळत चढविलेला रंग खरवडून काढावा लागतो. विरहाचे दुःख त्यामुळे कमी झाले असे नव्हे. ते कामाला लागले.

म्हाइंभटांच्या बाबतीत जे घडले ते याहून विस्मयकारक आहे. ज्याने दिवसा दिवटी मिरविली, तो आता दुसऱ्याच्या मुखाकडे पाहून लिहीत होता. त्यांच्याजवळ शास्त्रांचे पांडित्य होते, वादात शब्द कसा टाकावा हे कौशल्य होते. लीळाचरित्राचे कोणतेही पान काढावे, त्या पांडित्याचे प्रदर्शन कोठे सापडत नाही. लहान लहान वाक्ये, घरात-अंगणात बोलली जाणारी भाषा, कोण कोठे बसले होते, काय जेवले, कोण रुसले, सर्वज्ञांनी काय विचारले, एवढेच. लेखक स्वतः बाजूला उभा राहिला आहे. दिवटी हातात असलेला मनुष्य पुढे चालतो तेव्हा सर्वांची दृष्टी त्याच्याकडे जाते. येथे उजेड ज्याच्यावर पडावयाचा त्याच्यावर पडला आहे आणि दिवटी धरणारा दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. लीळांमध्ये शिष्यांचे मोठेपण आहे तसे त्यांचे हट्ट, मत्सर, चुका आणि सर्वज्ञांनी त्यांना दिलेल्या कानपिचक्याही आहेत. भटोबास सांगणारे होते आणि पुढे पंथाचे आचार्य झाले. आपल्याला किंवा आपल्या आप्तांना उणेपणा आणणारे प्रसंग गाळणे त्यांना अवघड नव्हते. म्हाइंभटांनीही भिडेखातर ते गाळले असते तर कोणी विचारणार नव्हते. दोघांनीही तसे केले नाही. भीड आणि आदर यांतला भेद ज्या मैत्रीला कळतो, तीच असे लिहू शकते. आदर मोठ्याचे मोठेपण राखतो. भीड त्याचा दोष राखते.

केवळ भटोबासांच्या सांगण्यावरही म्हाइंभट थांबले नाहीत. जे जे प्रसंगी उपस्थित होते त्यांच्याकडे ते हिंडून गेले, विचारले, पडताळले, आणि पुन्हा आचार्यांपुढे ठेवले. असा पडताळा घेणे म्हणजे मित्रावर अविश्वास दाखविणे, असे आजच्या काळी पुष्कळांना वाटेल. भटोबासांना तसे वाटल्याचे कोठे दिसत नाही. केशिराजबासांच्या ‘दृष्टांतपाठा’त जात्यंधांचा आणि हत्तीचा दृष्टांत आहे. ज्याच्या हाताला जो अवयव लागला, त्याला हत्ती तेवढाच वाटला. सर्वज्ञांचे चरित्र ज्यांना आठवावयाचे होते त्यांना आपला हात किती पुरतो हे ठाऊक होते, म्हणून दुसऱ्याच्या हाताला काय लागले हे विचारण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

केशिराजबासांचा उल्लेख आला म्हणून त्यांच्याच एका प्रसंगाची आठवण येथे होते. ते संस्कृतचे अधिकारी पंडित, ‘रत्नमालास्तोत्रा’चे कर्ते. संस्कृतात ग्रंथरचना करण्याकडे त्यांचा ओढा असताना आचार्यांनी त्यांना थांबविले, कारण पंथातील साध्यासुध्या म्हाताऱ्या त्या ज्ञानाला मुकतील. स्मृतिस्थळातील हा प्रसंग मराठीच्या अभिमानासाठी वारंवार सांगितला जातो, आणि तो सांगावाही. पण त्याची दुसरी बाजूही आहे. पंडिताला पंडितांचीच संगती गोड वाटते. भटोबासांनी केशिराजबासांना त्या संगतीतून उठवून म्हाताऱ्यांच्या संगतीत बसविले. सूत्रपाठ आणि दृष्टांतपाठ मराठीत आहेत, ते या आसनबदलामुळे. आपल्या बरोबरीच्यांत बसून विद्या टिकते. ज्यांना आपली भाषा कळत नाही त्यांच्यासाठी ती वाकवावी लागते, तेव्हा ती वाढते.

हे सर्व निवृत्तांचे झाले. वासनिक आणि उपदेशी मंडळींपुढचा प्रश्न याहून निराळा आणि रोजचा आहे. उपदेश घेतला, मद्य-मांस-जुगार सोडले, अन्य देवतांचे नवससायास सोडले. आता लहानपणापासूनच्या मित्रांचे काय करावे? ते वाईट नाहीत. पेरणीच्या दिवसांत बैलजोडी देणारे तेच, मुलीच्या लग्नात पाणी वाहणारे तेच, आणि घरात कोणी आजारी पडले तर रात्री गाडी जुंपणारेही तेच होते. परंतु जत्रेला चल म्हणून आग्रह करणारे, ‘एका घोटाने काय होते’ म्हणणारेही तेच. पुष्कळ उपदेशींचे नियम मोडतात ते शत्रूंमुळे नव्हे, या प्रेमळ आग्रहामुळे मोडतात. शत्रूपुढे माणूस ताठ उभा राहतो. मित्र मनगट धरतो तेव्हा त्याला हात सोडवून घेण्याची लाज वाटते.

येथे दोन टोकांना जाणारे दोन्ही फसतात. एकजण मित्रांना तोडून टाकतो, त्यांना तुच्छ लेखतो, आणि नियमाबरोबर गर्वही घरी आणतो. अहिंसा पाळणाऱ्याने दुसऱ्याचे मन तोडावे हे कसे शोभेल? दुसरा मैत्री राखण्यासाठी प्रथम जत्रेला ‘नुसता’ जातो, मग पंगतीला ‘नुसता’ बसतो. एकादश स्कंधाच्या सव्विसाव्या अध्यायात पुरूरवा राजाचा पश्चात्ताप आहे. उर्वशीच्या संगतीत किती रात्री आल्या आणि गेल्या हे आपल्याला कळलेच नाही, असे तो म्हणतो. दुःसंगाची ही नेमकी खूण आहे. त्यात पडलेला क्षण दिसत नाही. ‘नुसता’ हा शब्द तो क्षण झाकून टाकतो. म्हणून उपदेशीने मित्राच्या कामाला जावे, त्याच्या दुखण्याला जागावे, त्याच्या शेतावर राबावे, आणि पंगतीचे वेळी हसतमुखाने उठून घरी यावे. पहिल्या वर्षी मित्र चिडवतील, दुसऱ्या वर्षी रागावतील. त्यांच्यातला एखादा पुढे कधीतरी, स्वतः अडचणीत सापडल्यावर, रात्री दार ठोठावून विचारील की, तुला सोडता आले ते कसे? त्या वेळी दाराआड माणूस असला पाहिजे. तोडून टाकलेला मित्र ते दार ठोठावीत नाही, आणि पंगतीला बसलेल्या मित्राला विचारण्यासारखे त्याच्याजवळ काही नसते.

उपदेशी-उपदेशींच्या मैत्रीतही सावध राहावे लागते. दोघे शेजारी नित्य पारायणाला जातात, अवसराला एकत्र बसतात. हळूहळू वाटेवरच्या गोष्टी लांबतात, पोथीवरच्या आखूड होतात. मग कोणत्या महंतांकडे किती मंडळी गेली, कोणाच्या आश्रमात उपहार कसा झाला, कोणी कोणाला आधी दंडवत घातला, हे विषय निघतात. पोथी बगलेतच असते. मधले तिसरे निसटले, आणि उरली ती दोन कांकणे. अशा वेळी मैत्री तोडावयाची नसते. दोघांपैकी एकाने वाटेत थांबून, काल कोणती लीळा वाचली ती पुन्हा सांग, एवढे म्हटले तरी पुरते.

आणि कधी मैत्रीला दूर व्हावे लागते, तेही तिच्याच पूर्णतेसाठी. उद्धवाहून अधिक निकटचा सखा श्रीकृष्णचक्रवर्तींना कोण होता? सल्लामसलतीला तो, व्रजात निरोप घेऊन जावयास तो, आणि अवतारकार्याच्या अखेरीस सर्व निरूपण ऐकावयासही तोच. एवढे सांगून झाल्यावर त्याला जवळ ठेवून घेतील, असे ऐकणाऱ्याला वाटते. एकोणतिसाव्या अध्यायात त्याला बदरिकाश्रमाला जाण्याची आज्ञा होते. उद्धवाचा पाय निघत नाही. तो प्रदक्षिणा करतो, चरणांवर मस्तक ठेवतो, डोळ्यांतील पाण्याने ते चरण भिजतात, आणि तरी तो जातो. जाताना प्रभूंनी दिलेल्या पादुका त्याने मस्तकावर घेतल्या, पुन्हा पुन्हा वंदन केले आणि उत्तरेची वाट धरली.